मर्यादवेल: गोव्याच्या किनाऱ्यावरची रानवेल, तिचे औषधी उपयोग आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडणे तालुक्यात मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले. आता मोरजी, आश्वे, मांद्रे इथल्या किनाऱ्यांवर मुलांना आणि त्यांच्या पालकांना झाडे-वेली दाखवत फिरते. वाळूवर पसरलेली जांभळी फुले दिसली की घोळका थांबतो आणि प्रश्न सुरू होतात. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "मॅडम, हे कशावर औषध?" मी मात्र आधी ही मर्यादवेल ओळखायला लावते, कारण तिच्या कुळात एकीचे पान गुडघ्यावर बांधतात, दुसरीची भाजी करतात, तिसरीच्या मुळाने जुलाब होतात आणि चौथी खाऊन शेळ्या मरतात. फुले मात्र सगळ्यांची सारखीच दिसतात.

मर्यादवेल नक्की कोणती?

भरतीची रेषा जिथे संपते तिथून वर, कोरड्या वाळूवर सरपटत गेलेली वेल. पान जाड, गुळगुळीत आणि टोकाला दुभंगलेले असते. दसऱ्याला सोने म्हणून वाटतो ते आपट्याचे पान डोळ्यांसमोर आणा, तसेच पण जास्त मांसल. फूल नरसाळ्यासारखे, गुलाबी-जांभळे, आत घशाशी गडद. देठ मोडला की पांढरा चीक येतो. फळ गोल बोंडासारखे असते आणि त्यात बहुधा चार बिया असतात. बियांवर तपकिरी मखमली लव असते, ती बोटाला चटकन जाणवते. खोड दोरासारखे लांब धावते आणि पेरापेराला मुळे धरते. एकेक धाव दहा मीटरच्याही पुढे जाते.

शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-कॅप्री. पेस-कॅप्री म्हणजे शेळीचे पाऊल, कारण पान शेळीच्या दुभंगलेल्या खुरासारखे दिसते. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस या प्रजातीत घातले होते, पुढे १८१८ मध्ये रॉबर्ट ब्राउनने आयपोमियात आणले. रताळ्याची प्रजातीही हीच.

"मर्यादवेल" हे नाव का पडले?

समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून. रोजचे पाणी जिथपर्यंत पोचते त्याच्या खाली ती टिकत नाही, वर मात्र ऐसपैस पसरते. मला हे नाव शास्त्रीय नावापेक्षा अधिक अचूक वाटते. लिनियसने पानाचा आकार पाहिला, आपल्या लोकांनी वेल कुठे थांबते ते पाहिले.

पावसाळ्यात उधाणाच्या लाटा वाळू कापतात, तेव्हा वेलीची पुढची टोके मुळांसकट लोंबकळताना दिसतात. गणपती झाले, समुद्र शांत व्हायला लागला, की तीच टोके पुन्हा खाली उतरू लागतात.

फुले दुपारी मिटलेली का दिसतात? वेल रोगट आहे का?

नाही. या कुळाची रीतच ती. फूल पहाटे उमलते, उन्हे चढली की मिटू लागते, आणि एक फूल एकच दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उमलते, म्हणून आपल्याला वेल सदा फुललेली वाटते.

आमच्या कुंपणावर निळी फुले येतात. ती हीच का?

बहुतेक नाही. गोव्यात या कुळाच्या इतक्या वेली आहेत की घोटाळा होणे साहजिक आहे. माझ्या फेऱ्यांमध्ये ज्यांच्यावरून गोंधळ होतो त्या अशा.

कुंपणावरची निळी फुले आणि तीन भागांचे पान असेल तर ती काळा दाण्याची वेल असण्याची शक्यता मोठी. तिचे बी गंधी म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात 'काळा दाणा' म्हणून मिळते आणि ते जोरदार रेचक आहे. इंग्रजांच्या काळात मेक्सिकोहून येणाऱ्या जॅलप या रेचक मुळाला पर्याय म्हणून ते वापरले जाई.

ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, माणसाएवढ्या उंचीची झुडुपे आणि मोठी फिकट गुलाबी फुले दिसली तर ती बेशरम. ती मूळची अमेरिकेतली. तिच्यात स्वेन्सोनाइन नावाचे विष असते. शेळ्या ती खात राहिल्या तर त्यांचा तोल जातो, त्या खंगतात आणि मरतात. बेशरमीचा कोणताही भाग घरगुती औषधात वापरू नका.

बदामाच्या पानाएवढ्या मोठ्या हृदयाकृती पानांची, पानाखाली रुपेरी लव असलेली झाडावर चढणारी वेल म्हणजे समुद्रशोक. नावात समुद्र असल्याने लोक तिलाच मर्यादवेल समजतात. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

पांढरी फुले आणि कडा असलेले, पंख फुटल्यासारखे खोड असेल तर निशोत्तर. आणि तळ्याच्या पाण्यावर तरंगणारे पोकळ खोड असेल तर ती नाळीची भाजी, जी आपण आवडीने खातो.

शंखपुष्पीचा गोंधळ वेगळाच आहे. काहीजण जमिनीलगतच्या चिमुकल्या निळ्या विष्णुक्रांतेला शंखपुष्पी म्हणतात, काही गोकर्णाला, तर वैद्य बहुधा फिकट फुलांच्या तिसऱ्याच वनस्पतीला. गोकर्ण तर या कुळातलीच नाही, ती वालाच्या कुळातली आहे.

मर्यादवेल औषध म्हणून कशासाठी वापरतात?

आपल्याकडच्या जुन्या नोंदींमध्ये पानांचा उपयोग मुख्यतः बाहेरून आहे: संधिवाताच्या दुखण्यावर आणि सुजेवर बांधायला, पोटशूळात पोटावर शेकायला. जलोदरात पाने ठेचून सुजलेल्या भागावर लावत आणि रस लघवी साफ होण्यासाठी देत, असेही लिहिलेले आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासी लोक पाने विस्तवावर गरम करून समुद्री जीवांच्या दंशावर, गळवांवर आणि दुखऱ्या भागांवर ठेवत आले आहेत. थायलंडमध्ये जेलीफिशच्या दंशावर तिचा रस लावतात. मेक्सिकोत तिचे लोकनावच मूत्रपिंडावरून पडले आहे, रिन्योनिना, कारण तिथे ती मूत्रविकारांवर देतात.

इतक्या दूरदूरच्या लोकांना एकाच वेलीचे औषध सापडले, कारण वेल स्वतःच तिथे पोचली. तिचे बी हलके आणि कठीण कवचाचे असते, खाऱ्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगते आणि नंतरही रुजते. जगातल्या उष्ण किनाऱ्यांवर जवळपास सगळीकडे ती आहे.

जेलीफिश लागला तर मर्यादवेलीचे पान चोळावे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

थायलंड आणि स्वीडनमधील संशोधकांनी या वेलीच्या पानांचा अर्क काढून त्यावर बरेच काम केले. १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा अर्क वेगवेगळ्या जेलीफिशच्या विषांचा परिणाम कमी करतो असे दिसले. दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होतात, त्यांनाही हा अर्क आवर घालतो. त्यात सापडलेल्या घटकांपैकी एक युजेनॉल, म्हणजे लवंगेत असते तेच. आतड्याच्या स्नायूंची आकडी सैल करणारे बीटा-डॅमॅसेनोन आणि फायटॉल हे घटकही त्यांनी वेगळे काढले. पोटशूळात पाने शेकण्याच्या आपल्या रीतीशी हे जुळते, आणि मला त्याचे मनापासून अप्रूप वाटते.

पण प्रयोगशाळेत काढलेला अर्क वेगळा आणि वाळूने माखलेले पान घसाघसा चोळणे वेगळे. जेलीफिशच्या शुंडांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. त्यांतल्या बऱ्याच कातडीला चिकटूनही अजून फुटलेल्या नसतात. चोळले की त्या फुटतात आणि आणखी विष आत जाते. म्हणजे औषध बरोबर असूनही लावण्याच्या पद्धतीने त्रास वाढतो.

गोव्यात पावसाळ्याच्या दिवसांत किनाऱ्यावर निळसर फुगे वाहून येतात, ते पोर्तुगीज मॅन-ओ-वॉर किंवा ब्लू बॉटल. खरे तर तो जेलीफिश नव्हे, अनेक लहान जीवांची वसाहत असते. वाळूवर मेल्यासारखा पडलेला असला तरी त्याचा दंश होतो. मुले तो फुगा उचलायला धावतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

दंश झाला तर पाण्याबाहेर या आणि जीवरक्षकाला हाक मारा. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचला, उघड्या बोटांनी नको. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडे पाणी, वाळू, टॉवेल यांनी घासू नका. त्यानंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या, वीस मिनिटे तो भाग ठेवा. भाजणार नाही ना, हे दुसऱ्याने आपल्या हाताने आधी पाहावे. व्हिनेगर काही जातींना उपयोगी असते आणि काहींमध्ये उलटते, म्हणून कोणता जीव चावला ते माहीत नसताना ते लावू नये. श्वास लागणे, छातीत दुखणे, चक्कर, उलट्या, चेहरा सुजणे यांपैकी काहीही झाले किंवा दंश डोळ्याला झाला, तर लगेच १०८ला फोन करा.

एवढे सगळे झाल्यावर उरलेल्या खाजेवर आणि सुजेवर कुणी स्वच्छ धुतलेल्या पानांचा रस हलक्या हाताने लावला तर माझी हरकत नाही. जखम उघडी असेल तर तेही नको.

रापणीच्या वेळी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढताना, वागळी माशाचा काटा लागला तर जुने लोक पाने गरम करून बांधत. त्यात तथ्य आहे?

आहे असे मला वाटते, आणि त्याचे श्रेय पानाबरोबर उष्णतेलाही द्यायला हवे. वागळी आणि शिंगाळा या माशांच्या काट्यातले विष प्रथिनांचे असते आणि ते उष्णतेने निकामी होते. म्हणूनच आज डॉक्टरसुद्धा गरम पाण्यात पाय बुडवायला सांगतात. किनाऱ्यावर गरम पाण्याची बादली कुठून आणणार? चूल पेटवून जाड, रसाळ पाने तापवली तर ऊब बराच वेळ धरून राहते. मर्यादवेल नेमकी तिथेच, हाताशी असते.

काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि धनुर्वाताचाही धोका असतो, तेव्हा ऊब देऊन झाल्यावर दवाखाना चुकवू नका.

गुडघेदुखीवर पान कसे बांधायचे?

आमच्या घरी आजी करायची ती पद्धत सांगते. पाच-सहा जून पाने आणायची, वाळू जाईपर्यंत धुवायची आणि फडक्याने कोरडी करायची. तव्यावर खोबरेलाचा हात फिरवून पाने दोन्ही बाजूंनी मऊ पडेपर्यंत शेकायची. मनगटावर टेकवून ऊब बघायची आणि मग गुडघ्यावर एकावर एक ठेवून जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधायची. रात्री बांधायची, सकाळी सोडायची. ती निगडीच्या पाल्यालाही हेच करायची आणि दोन्हींत निगडीच सरस म्हणायची. ती वेळसर म्हणजे किनाऱ्यालगत राहत असल्याने मर्यादवेल मात्र दारातच मिळे.

पहिल्यांदा करताना हाताच्या आतल्या बाजूला पानाचा थोडा रस लावून काही तास थांबा. या चिकाने काहींना पुरळ येते. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल तर शेक देऊच नका, भाजलेले कळत नाही. आणि गुडघा लाल होऊन ताप आला असेल तर ते पानाने बरे होणारे दुखणे नव्हे.

काढा करून प्यायला चालेल का?

माझे उत्तर नाही असे आहे.

या कुळाचा चीक राळेचा असतो. त्यातली रेझिन ग्लायकोसाइड नावाची द्रव्ये आतड्याला चेतवून जुलाब करतात. काळा दाणा, निशोत्तर, जॅलप यांचा रेचक गुण याच प्रकारच्या राळेचा. मर्यादवेलीतही ही द्रव्ये आहेत. मेक्सिकोतील संशोधकांनी ती वेगळी काढून त्यांना वेलीच्या नावावरूनच पेस्काप्रीन म्हटले आहे. घरी मूठभर पाने उकळताना राळ किती उतरली हे कळण्याचा काही मार्ग नसतो.

एका ओळखीच्या घरी 'समुद्राकाठची वेल मुतखड्यावर चांगली' असे ऐकून कुंपणावरच्या निळ्या वेलीचे बी उगाळून एका वृद्ध गृहस्थांना पाजले होते. रात्रभर जुलाब झाले, शरीरातले पाणी कमी झाले, सकाळी सलाइन लावावे लागले. माहिती अर्धवट होती आणि वेलही चुकीची होती.

मग नाळीची भाजी आणि रताळे कसे चालते?

त्या दोन्ही खाण्याच्याच जाती आहेत. माणसाने रताळ्याची लागवड हजारो वर्षे निवडून केली आणि नाळीची भाजी शिजवून खाण्याचा अनुभव पिढ्यांचा आहे. कुळ एक असले म्हणून गुण एक नसतात. बटाटा आणि धोतरा हेसुद्धा एकाच कुळातले आहेत.

आयुर्वेदात या कुळाला स्थान आहे का?

मोठे स्थान आहे, पण ते निशोत्तराला, म्हणजे त्रिवृताला. चरकसंहितेत सुखाने जुलाब करवणाऱ्या द्रव्यांत त्रिवृत श्रेष्ठ सांगितले आहे आणि कल्पस्थानात त्याच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात श्याम आणि अरुण असे दोन प्रकार येतात. श्याम तीव्र, अरुण सौम्य. बाळ, वृद्ध आणि नाजूक प्रकृतीच्या माणसाला अरुणच द्यावे, असे शास्त्र सांगते. यातून एक दिसते: जुन्या वैद्यांनीही ही द्रव्ये सरसकट वाटली नाहीत.

या मुळाचा गोव्याशीही संबंध आहे. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात 'तुर्बित' म्हणून निशोत्तरावर एक संवाद आहे. पणजीतल्या चर्चसमोरच्या बागेला त्यांचेच नाव आहे. ओर्तांच्या बागेत आपण संध्याकाळी बसतो, पण त्यांनी लिहिलेली वेल ओळखणारे किती असतील?

मर्यादवेलीची जुनी नोंद कुठे सापडते?

डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने कोचीनला तयार करवून घेतलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथात, अकराव्या खंडात, तिचे सुंदर चित्र आहे. तिथे नाव दिले आहे 'शोवन्न अडंबू', म्हणजे मल्याळममध्ये तांबडी अडंबू. तमिळच्या संगम काव्यात समुद्रकाठच्या विरहवर्णनात येणारे अडुंबू ते हेच.

हा ग्रंथ उभा राहिला त्यात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचा समाज गोव्यातून तिकडे गेलेला. १६७५ सालची त्यांची साक्ष कोकणी भाषेत, नागरी लिपीत, १६७८च्या पहिल्या खंडात छापलेली आहे. मुलांना मी वाळूवर बसवून हे सांगते तेव्हा ती गप्प होऊन ऐकतात. आपल्या माणसांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी केलेले हे काम पाठ्यपुस्तकात असायला हवे.

समुद्रशोकाचे पान गळवावर लावतात, ते खरे का?

हो, ही रीत जुनी आहे. पानाची लव असलेली रुपेरी बाजू आत ठेवून बांधली की गळू लवकर पिकते आणि फुटल्यावर गुळगुळीत बाजू लावली की जखम भरते, असे मानतात. चेहऱ्यावरच्या, विशेषतः नाकाजवळच्या गळवाला मात्र कोणतेही पान लावू नका, तिथला संसर्ग आत डोक्याकडे जाऊ शकतो.

या बियांनी नशा होते असे मुलांनी इंटरनेटवर वाचले आहे.

वाचले असेल, आणि म्हणूनच पालकांनी मोकळेपणाने बोलावे. समुद्रशोकासह या कुळातील काही जातींच्या बियांमध्ये अर्गट गटातली अल्कलॉइडे असतात. ती मुळात एका बुरशीची निर्मिती. पेरिग्लँड्युला नावाची ही बुरशी वेलीबरोबर बियांतूनच पुढच्या पिढीत जाते. या द्रव्यांनी भास होतात, पण त्याबरोबर तीव्र उलट्या होतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मन सैरभैर होते. गर्भाशयही आकुंचन पावू शकते. म्हणून गरोदर बाईने या कुळाचे कोणतेही बी किंवा मूळ औषध म्हणून पोटात घेऊ नये, स्तनपान करणाऱ्या आईनेही नाही.

औषधासाठी वेल उपटून आणली तर चालेल?

उपटू नका. पाने खुडा, तीही एका जागची सगळी नको.

वाऱ्याने उडणारी वाळू या वेलीच्या जाळीत अडकते, वेल वर सरकते, पुन्हा वाळू अडकते. असे करत वाळूची टेकडी उभी राहते. काटेरी वाळूगवत तिच्या सोबतीला येते, मागे निगडीची झुडुपे आणि त्यामागे केवडा, माड. उधाणाच्या लाटेला पहिला अटकाव ही टेकडी करते. तिच्या मागच्या विहिरींचे पाणी गोडे राहते त्यातही या वाळूचा वाटा असतो. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासविणी अंडी घालायला येतात त्याही भरतीरेषेच्या वरच्या याच पट्ट्यात. दिवसभर गाड्या फिरवून, 'किनारा साफ' म्हणत यंत्राने वेल खरवडून काढलेली मी पाहिली आहे. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी माणसे दगडांच्या भिंती मागत होती.

वाळूच्या टेकड्यांना किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांत संरक्षण आहे. विकण्यासाठी पाला गोळा करायचा असेल तर जैवविविधता कायदाही लागू होतो. घरच्या गुडघ्यापुरती चार पाने नेणाऱ्या गावकऱ्याला त्याची अडचण नाही.

घरी लावता येईल का?

पोरसात, म्हणजे परसात, मोकळी, उन्हातली, वाळूची जागा असेल तर लागते. तीन-चार पेरांचा तुकडा आडवा पुरा, दोन पेरे वाळूखाली ठेवा, मुळे धरेपर्यंत पाणी द्या. बी लावायचे तर कवच सँडपेपरने किंचित घासून घ्या, नाहीतर रुजायला फार वेळ लागतो. खत नको. कुंडीत मात्र लावू नका, ती धावणारी वेल आहे, कुंडीत नुसती कुढते.

बघायची कुठे आणि कधी?

शॅक आणि खुर्च्यांच्या गर्दीपासून दूर जा. पेडण्यात मोरजी ते मांद्रेचा पट्टा, दक्षिणेला बेतालभाटी, बाणावली, गालजीबाग. पणजीकरांना मीरामारला वाळूच्या वरच्या कडेला ती भेटते. दिवाळीच्या आसपास, सकाळी साडेसात-आठला या. टेकडीवर चढू नका, भरतीच्या रेषेवरून चाला. आपट्यासारखे पान दिसले की एक खुडा, देठाचा चीक बघा, बोंड मिळाले तर बीवरची लव बोटाने तपासा. दहानंतर आलात तर फुले मिटू लागलेली असतील.